स्पेक्ट्रम चालवायला पाय ५ कशाला? पाय ३ वरचे झटके, पिवळी वीज आणि काकांच्या कॅसेटी

भाऊ, तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी रास्पबेरी पाय ३ बी (हातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर) पडून होता, त्यात नागपुरात बर्डीवरून आणलेलं 'दहा हजार गेम'वालं मेमरी कार्ड टाकलं, काकांकडे पूर्वी डीबी स्पेक्ट्रम (कॅसेटीवरून गेम भरणारा जुना घरगुती कॉम्प्युटर) होता तो आता नाही पण कॅसेटींचा डबा आहे, आणि पायवर स्पेक्ट्रमचे गेम लावले की स्क्रीन सरकताना झटके मारते, आवाज मधूनच फाटतो, कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह चमकतं. तर आता पाय ५ घेऊ का म्हणून विचारून राहिला.

नको घेऊ. म्हणजे पैसे जास्त झाले असतील तर घे बापा, पण या तीन त्रासांपैकी एकही पाय ५ मुळे जाणार नाही, उलट एक वाढेल, कारण त्याला ५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो आणि तुझी वीज चमकते म्हणजे तुझ्याकडे पाय ३ ला पुरेल एवढाही सप्लाय नाही. वरून पाय ५ ला साडेतीन एमएमचा ऑडिओ जॅक नाही, एचडीएमआय मायक्रोवालं आहे, म्हणजे केबलसुद्धा नवीन. स्पेक्ट्रमसाठी हा सगळा खर्च कशाला?

हिशोब बघ ना. स्पेक्ट्रम १९८२ चा, आत झेड ८० प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झवर, ४८ के मेमरी. तुझ्या पाय ३ मध्ये १.२ गिगाहर्ट्झचे चार कोर आहेत. एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, प्रत्येक सूचना स्वतः वाचून तिचं काम करतो, वर कोणत्या क्षणी स्क्रीनची कोणती ओळ रंगत होती, स्पीकरची लाइन वर होती का खाली, तेही सांभाळतो, म्हणून एका जुन्या सायकलमागे नव्या प्रोसेसरच्या बऱ्याच सायकली जातात हे खरं, पण एवढं धरूनही पाय ३ निवांत बसलेला असतो. अरे, रास्पबेरी पाय पिको आहे ना, २६४ केबी रॅमचा मायक्रोकंट्रोलर, त्याच्यावरही लोक स्पेक्ट्रम चालवून राहिले.

ताकद खरी कुठे लागते तेही सांगतो, कारण पुढे तू इकडेतिकडे जाशीलच. कमोडोर ६४ हा त्याच काळातला दुसरा घरगुती कॉम्प्युटर, त्याचा प्रोसेसर फक्त १ मेगाहर्ट्झच्या आसपास, पण तो स्पेक्ट्रमपेक्षा जड जातो, कारण त्याच्या सिड साउंड चिपमध्ये ॲनालॉग फिल्टर आहे त्याचं गणित प्रत्येक सॅम्पलला करावं लागतं, आणि त्याच्या १५४१ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये स्वतःचा वेगळा ६५०२ जातीचा प्रोसेसर आहे, म्हणजे एम्युलेटरला दोन कॉम्प्युटर एकत्र चालवावे लागतात. तरी पाय ३ ते करतो. अमिगा ५०० चे बहुतेक गेम पाय ३ वर अमिबेरी नावाच्या एम्युलेटरमध्ये चालतात, अमिगा १२०० चं काही जड लावायचं असेल तर पाय ४ बरा. डॉसबॉक्समध्ये (जुने पीसीचे गेम चालवणारा एम्युलेटर) नव्वदच्या दशकाच्या मधले गेम लावायचे असतील तरी पाय ४ बघ. बाकी स्पेक्ट्रम, बीबीसी मायक्रो, एमएसएक्स, जुनं जीडब्ल्यू-बेसिक, यासाठी पाय ३ म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी जास्त. ऑरेंज पाय वगैरे बोर्ड स्वस्त मिळतात, हार्डवेअर वाईट नसतं, पण व्हिडिओ ड्रायव्हरच्या भानगडीत डोकं जातं, तर सुरुवातीला त्यांच्या नादी लागू नको.

आता पिवळी वीज. ती आली म्हणजे बोर्डवर पोचणारं व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं. आपल्याकडे लोक लगेच म्हणतात उन्हाळा आहे, कूलर-एसी लागले, लाइनचं व्होल्टेज पडून राहिलं. त्याचा इथे काही संबंध नाही, अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतो. घोळ अडॅप्टरच्या पुढे आहे, केबलमध्ये. मोबाइलसोबत येणाऱ्या बारीक केबलीत पॉवरची तार बऱ्याचदा २८ गेजची असते, तिचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.२१ ओहम. एक मीटर केबल म्हणजे करंट जायला एक तार, यायला एक, झाले ०.४३ ओहम. पायनं एक अँपिअर ओढला की ०.४३ व्होल्ट केबलनंच खाल्ले, ५ चे राहिले ४.५७. चार्जरवर 'फास्ट' लिहिलेलं असो नाही तर काही असो, पायला त्याचा उपयोग नाही, फास्ट चार्जिंगची बोलणी त्याला करताच येत नाहीत. आणि व्होल्टेज पडलं की पाय स्वतःहून प्रोसेसरचा स्पीड ६०० मेगाहर्ट्झवर आणतो. म्हणजे तुझी वीज आणि तुझा फाटका आवाज हे दोन वेगळे रोग नाहीत. वीज चमकली, स्पीड अर्धा झाला, त्या कार्डवरच्या जड सेटिंगला तेवढा स्पीड पुरला नाही, ऑडिओचा बफर (आवाजाचा तयार ठेवलेला साठा) रिकामा झाला, आवाज फाटला.

५.१ व्होल्ट २.५ अँपिअरचा, केबल अडॅप्टरलाच जोडलेली असा सप्लाय घे, बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळून जाईल. मग टर्मिनलमध्ये 'vcgencmd get_throttled' ही कमांड दे. उत्तर '०एक्स०' आलं तर सगळं ठीक. '०एक्स५०००५' आलं तर आत्ता या क्षणी व्होल्टेज कमी आहे आणि स्पीड दाबलेला आहे. '०एक्स५००००' आलं तर आत्ता ठीक आहे पण चालू केल्यापासून कधीतरी पडलं होतं. वीज दिसली का नाही दिसली यापेक्षा या आकड्यावर भरवसा ठेव.

आपल्या गावची गर्मी हा वेगळा विषय आहे. चिप ८० अंशांला पोचली की पाय स्पीड कमी करायला लागतो. पुण्या-मुंबईच्या लोकांना खोलीत २८-३० अंश असतात, त्यांचे सल्ले त्याच हिशोबानं लिहिलेले. नवतप्यात बाहेर ४५ च्या वर असताना आपल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत ३८-४० सहज असतात, म्हणजे सुरुवातच दहा अंशांनी वरून. बंद प्लास्टिकच्या डबीत पाय ठेवून मे महिन्यात दुपारी खेळशील तर ८० ला जाणारच. ॲल्युमिनिअमची केस घे, जिचा आतला ठोकळा चिपला थर्मल पॅडनं चिकटतो, पंखा लागत नाही आणि आवाजही नाही. पंखा लावलाच तर ५ व्होल्टचा पंखा ३.३ व्होल्टच्या पिनवर लाव, हळू फिरतो, तेवढी हवा पुरते. आणि कूलरच्या झोतात ठेवू नको, गार हवा मिळते म्हणून पोट्टे ठेवतात, पण त्या हवेत ओल असते आणि आपल्या बोअरच्या पाण्याचे क्षार, सहा महिन्यांत पिनांवर पांढरं-हिरवं दिसायला लागतं.

आता खरी गंमत, झटके. हा पॉवरचाही दोष नाही आणि गर्मीचाही नाही, त्यामुळे वरचं सगळं करूनही झटके राहतील. स्पेक्ट्रमचं एक चित्र म्हणजे प्रोसेसरच्या बरोबर ६९,८८८ सायकली, ३५ लाखाला त्यानं भाग दे, सेकंदाला ५०.०८ चित्रं येतात. कमोडोर ६४ चं पाल (युरोपातली टीव्हीची पद्धत) मॉडेल ५०.१२. हे युरोपच्या टीव्हीला धरून बनवलेले, आपला दूरदर्शनचा टीव्हीही पालच, ५० हर्ट्झचा, म्हणून काकांच्या टीव्हीवर तो सरळ चालला. तुझा पाय मात्र एचडीएमआयवर ६० हर्ट्झ पाठवून राहिला. ६० जागा आणि ५० चित्रं, म्हणजे दर पाचवं चित्र दोनदा दाखवावं लागतं, सेकंदाला दहा वेळा. स्क्रीन एकाच जागी स्थिर असते त्या गेममध्ये कळत नाही, पण स्क्रीन आडवी सरकली की डोळ्याला लगेच कळतं. प्रोसेसर कितीही मोठा लाव, ६० मधून ५० सरळ वाटले जात नाहीत.

इलाज एकच, टीव्हीला ५० हर्ट्झ दे. भारतात विकले जाणारे टीव्ही जवळपास सगळे ५० घेतात, कारण सेट-टॉप बॉक्सही तेच देतात. कॉम्प्युटरचे मॉनिटर मात्र बरेचसे ५० घेत नाहीत, 'आउट ऑफ रेंज' दाखवतात, तर या कामाला टीव्हीच वापर. जुन्या व्हिडिओ ड्रायव्हरवर कॉन्फिग फाइलमध्ये (config.txt) एचडीएमआय ग्रुप १ आणि मोड १९ लिही, तो ७२० पी ५० हर्ट्झ. १०८० हवं तर मोड ३१. नवीन ओएसवर ड्रायव्हर बदलला आहे, तिथे या ओळींचा काही परिणाम होत नाही, तिथे कमांडलाइनच्या फाइलमध्ये (cmdline.txt) व्हिडिओ मोड '१९२०x१०८०@५०' असा द्यावा लागतो. लोक जुन्या सूचना नवीन ओएसवर चिकटवतात आणि मग काहीच फरक पडला नाही म्हणतात, ते यामुळे.

तरी थोडा फरक उरतोच ना, टीव्ही ५०.०० आणि स्पेक्ट्रम ५०.०८. असंच सोडलं तर साडेबारा सेकंदांनी एक चित्र गळेल. इथे रेट्रोआर्च (बरेच एम्युलेटर एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) कामाचं आहे, ते टीव्हीच्या तालावर मशीन चालवतं आणि आवाज तेवढाच ताणून घेतं. पाच टक्क्यांपर्यंतचा फरक ते डिफॉल्टनं असा मिटवतं, इथे तर फरक ०.१६ टक्का आहे, कोणाच्या बापाला ऐकू येणार नाही. पण ५० आणि ६० मधला फरक पाच टक्क्यांच्या कितीतरी बाहेर, तो त्याला झेपत नाही, म्हणून आधी टीव्हीचं ५० करणं भाग आहे. हे झाल्यावर टीव्हीच्या मेनूत जाऊन गेम मोड लाव आणि 'मोशन स्मूथ' टाइपचं जे असेल ते बंद कर, बटन दाबल्यावर उडी उशिरा लागते ती बऱ्याचदा टीव्हीच्या असल्या कारभारामुळे. डेस्कटॉपच्या आत खिडकीत एम्युलेटर चालवू नको, सरळ कन्सोलवरून फुल स्क्रीन चालव, तिथेही एक-दोन चित्रांचा उशीर वाचतो.

दहा हजार गेमवालं कार्ड मात्र फॉरमॅट करून टाक. चोरीचा माल आहे हे एक, आणि सेटिंग कोणी कोणत्या बोर्डसाठी केली त्याचा पत्ता नाही, चकचकीत मेनू, व्हिडिओ प्रीव्ह्यू, जुन्या डब्ब्या टीव्हीसारखं चित्र दाखवणारा जड 'सीआरटी शेडर' सगळं भरलेलं. शिवाय असल्या कार्डावर १२८ जीबी लिहिलेलं असतं आणि आत निघतात ३२. एफ३ नावाचं टूल आहे, ते कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतं, त्यात पास झालं तरच वापर. मग कोरी ओएस टाक आणि एकच मशीन नीट लाव. स्पेक्ट्रमसाठी फ्यूज नावाचा एम्युलेटर घे. रॉमची (मशीनच्या आतल्या मूळ प्रोग्रामची) काळजी नको, तेव्हा स्पेक्ट्रमचे हक्क असलेल्या ॲमस्ट्रॅड कंपनीनं १९९९ मध्येच एम्युलेटरसोबत स्पेक्ट्रमची रॉम द्यायला परवानगी दिली. अमिगाच्या किकस्टार्ट रॉमचं तसं नाही, तिचे हक्क राखलेले आहेत, ती विकत घ्यावी लागते. कमोडोर ६४ कडे वळलास तर बीएमसी६४ हा एम्युलेटर बघ, त्याच्यात लिनक्सच नाही, पाय चालू केला की काही सेकंदांत सरळ निळी स्क्रीन येते, ५० हर्ट्झही त्यात नीट धरलेलं आहे. माझ्या मते छोट्या बोर्डवरच्या एम्युलेटरमध्ये यापेक्षा साफ काम कोणाचं नाही.

फ्यूज लागला की पहिल्यांदा तुझा गोंधळ होईल तो कीबोर्डवर. स्पेक्ट्रममध्ये शब्द टाइप करायचे नसतात, एका बटनाला एक आख्खा शब्द. 'जे' (J) बटन दाबलं की 'लोड' उमटतं. मग सिंबॉल शिफ्ट धरून पी दोनदा दाब, दोन अवतरणचिन्हं येतात, मग एंटर, आणि टेप सुरू. सिंबॉल शिफ्ट फ्यूजमध्ये बहुतेक कंट्रोलवर असतं. तुझे काका हे डोळे मिटून करतील, त्यांना बसव आधी, तू बाजूला बस.

जाताजाता एक सांगतो कारण काकांच्या वयाच्या लोकांना ते आठवतं. १९८४ मध्ये सरकारनं शाळांसाठी क्लास नावाचा प्रोजेक्ट काढला होता, त्यात देशभरच्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो दिले होते. ते बनवणारी कंपनी एकॉर्न, आणि त्याच एकॉर्ननं पुढे एआरएम प्रोसेसर बनवला, पहिली चिप १९८५ मध्ये आली तेव्हा तिला बीबीसी मायक्रोलाच जोडून चालवून बघितलं होतं. तुझ्या पायमध्ये तोच एआरएम वंश आहे, आणि पायचं 'मॉडेल बी' हे नावसुद्धा बीबीसी मायक्रोवरूनच आलं. काका शाळेत बीबीसीवर बसलेले असतील तर बी-एम नावाचा एम्युलेटर पायवर चालतो, शिफ्ट धरून ब्रेक मारला की डिस्क बूट होते, ब्रेक बहुतेक एफ १२ वर असतं.

जुना डब्ब्यावाला टीव्ही कोणाकडे असेल तर तो कबाड्याला देऊ नको. पाय ३ च्या साडेतीन एमएमच्या जॅकमधूनच व्हिडिओही निघतो, कॅमकॉर्डरची तीन पिनांची केबल लागते. पिवळी पिन लावून चित्र आलं नाही तर केबल खराब समजू नको, लाल पिन टीव्हीच्या पिवळ्या भोकात लावून बघ, बऱ्याच केबलींत व्हिडिओ आणि आवाजाची जागा उलटी असते. कॉन्फिगमध्ये एसडीटीव्ही मोड २ लिही म्हणजे पाल.

आणि लाइन जाण्याचं. लिहिणं चालू असताना पॉवर गेली की कार्डावरची फाइल सिस्टीम बिघडते, इन्व्हर्टर असला तरी चेंजओव्हरला क्षणभर गॅप पडतोच. सगळी सेटिंग मनासारखी झाली की रास्पी-कॉन्फिगमध्ये जाऊन ओव्हरले फाइल सिस्टीम चालू कर, मग कार्डावर काही लिहिलंच जात नाही, बिनधास्त स्विच बंद कर. सेव्ह केलेलं मात्र वेगळ्या पेन ड्राइव्हवर जाईल असं कर, नाही तर बंद केल्यावर तेही उडेल.

आता कॅसेटी, आणि माझ्या मते तुझ्याकडे असलेल्या सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे. छापील कव्हरवाल्या गेमच्या कॅसेटी जगात जपून झालेल्या आहेत, त्यांची घाई नाही. ज्यांच्यावर काकांच्या हातानं पेननं काही लिहिलंय, त्या आधी घे, ते प्रोग्राम दुसरीकडे कुठेच नाहीत.

लावायच्या आधी कॅसेट उजेडात धरून बघ. रीळावर पांढरी पावडर दिसली तर बुरशी आहे, पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या कॅसेटींना होतेच, ती तशीच डेकमध्ये घातली तर डेकचं हेडही घाण होतं आणि पुढच्या कॅसेटीही. मधल्या खिडकीत तांब्याच्या पट्टीवर नमद्याचा छोटा तुकडा असतो, तो गळून पडलेला असेल तर टेप हेडला टेकत नाही, दुसऱ्या फालतू कॅसेटीचा काढून चिकटव. मग एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घे, थर एकमेकांना चिकटलेले असतात ते सुटतात.

पायला माइक-इन नसतं, म्हणून यूएसबी साउंड कार्ड लागेल, साधं चालतं. डेकच्या हेडफोन आउटमधून आवाज कमी ठेवून त्यात दे. अल्सामिक्सर (पायवरचं आवाजाच्या सेटिंगचं टूल) उघडून 'ऑटो गेन कंट्रोल' बंद कर, हे नक्की कर, ते चालू राहिलं तर शांत जागी घरघर मोठी होते आणि डेटा सुरू होताच कापला जातो. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, वेव्ह फाइल. एमपी३ अजिबात नाही. डॉल्बी बंद. स्टिरिओ डेक असेल तर दोन्ही चॅनेल वेगवेगळे घे आणि जो साफ आहे तो एकच वापर, दोन्ही मिसळू नको, हेड जरा तिरपं असलं की दोन चॅनेलमध्ये वेळेचा फरक पडतो आणि मिसळताना वरच्या फ्रिक्वेन्सी एकमेकींना खाऊन टाकतात.

हे तिरपेपण म्हणजे अझिमथ, नव्वद टक्के भानगड तिथेच. हेडच्या बाजूला स्प्रिंगवाला छोटा स्क्रू दिसेल, डेकच्या झाकणात त्यासाठी बऱ्याचदा भोकच दिलेलं असतं. कॅसेट लाव, आधी लांबलचक एकसुरी 'पीं' येईल, तो साधारण ८०७ हर्ट्झचा पायलट टोन, त्याच्यावर जुळवू नको, त्यात फरक कळत नाही. त्याच्यानंतरची खरखर येते तो डेटा, त्यात शून्याचे पल्स साधारण २,०४७ हर्ट्झचे आणि एकाचे त्याच्या अर्ध्याचे. ती खरखर चालू असताना स्क्रू पाव-पाव वळण फिरव, जिथे आवाज सगळ्यात टोकदार, कानाला जवळजवळ टोचणारा लागेल तिथे थांब. मंद, पांघरुणातून आल्यासारखा ऐकू येत असेल तर अजून जुळलं नाही. प्रत्येक कॅसेटीला हे परत करावं लागू शकतं, कारण काकांनी वेगवेगळ्या टेपरेकॉर्डरवर भरल्या असतील.

फाइल झाली की फ्यूजच्या सोबत मिळणाऱ्या युटिलिटीत ऑडिओ२टेप आहे, ते वेव्हमधून टॅप फाइल (एम्युलेटरला थेट चालणारी टेप) काढतं. स्पेक्ट्रम प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी एक चेकसम बाइट लिहितो, म्हणून ब्लॉक बरोबर वाचला गेला का नाही हे अंदाजावर राहत नाही. चुकला तर आवाजाची लेव्हल बदलून बघ, मग दुसरा चॅनेल, मग स्क्रू, मग दुसरा डेक, या क्रमानं. पूर्ण ४८ के भरायला पाच मिनिटांच्या आसपास लागतात, त्याहून जास्त वेळ एकच ब्लॉक चालू दिसला तर डेकचा बेल्ट ढिला होऊन स्पीड कमी झालाय, तो बेल्ट आधी बदल, इतवारीत नाही तर बर्डीवर जुन्या रिपेअरवाल्याकडे मिळतो.

मूळ वेव्ह फाइली डिलीट करू नको, टॅप निघाली तरी. आणि कुठे अडलं तर ती वेव्हच मला पाठव, कॅसेट कुरिअर करू नको.